इटियाडोहचे पाणी आणि नागरिकशास्त्राची पाच पुस्तके

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. मातीचा बांध, सुमारे तीस मीटर उंच आणि पाचशे मीटर लांब. काम १९७० च्या सुमारास पूर्ण झाले. धरणाचे पाणी कालव्याने अर्जुनी मोरगावच्या बांध्यांत जाते, तिथून भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडे आणि पुढे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडसा व आरमोरीकडे. सगळा मुलूख धानाचा. खरिपात पाऊस दगा देऊ लागला की परे वाळतात, रोवणी खोळंबते आणि कालव्याकडे डोळे लागतात. उन्हाळी धानाचे तर सगळेच या पाण्यावर.

आता असे धरू की या परिसरातल्या एका माध्यमिक शाळेत नववीतल्या मुलीने शिक्षकांना विचारले, “सर, यंदा उन्हाळी धानाला पाणी सुटणार की नाही, हे कोण ठरवते?” हा प्रश्न नागरिकशास्त्राचा आहे. सत्ता कोणाकडे आहे, ती कोणी दिली आणि तिला जाब कोण विचारू शकतो, हे तिन्ही त्यात आहे. या एका प्रश्नाचे उत्तर शोधत आम्ही सहावी ते दहावीची राज्य पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तके ओळीने वाचली. २०१६ ते २०१८ या काळात क्रमाक्रमाने आलेली ही पुस्तके आहेत. सहावी ते आठवी विषयाचे नाव ‘नागरिकशास्त्र’, नववी-दहावीला ‘राज्यशास्त्र’.

विज्ञानाच्या मासिकात हे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. तरफ शिकवताना आपण वर्गात पहार आणि दगड आणतो, निदान आणावा असे मानतो. ‘लोकशाहीत सत्ता लोकांची असते’ हेही एक विधानच आहे. ते पडताळून पाहायला कुठला दगड आणि कुठली पहार घ्यायची, असा हा प्रश्न आहे.

प्रथम या पुस्तकांचे श्रेय त्यांना देऊ. सहावीचे पुस्तक ‘आपले समाजजीवन’ आणि ‘समाजातील विविधता’ येथून सुरू होते, मग ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन संस्थांकडे येते आणि जिल्हा प्रशासनावर थांबते. सातवीत संविधान, आठवीत संसद, केंद्रीय कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था, राज्यशासन आणि नोकरशाही. नोकरशाहीला स्वतंत्र प्रकरण देणे आम्हांला विशेष आवडले. कारण सामान्य माणसाला सरकार भेटते ते तलाठी, ग्रामसेवक आणि कालव्यावरचा कर्मचारी यांच्या रूपाने. दहावीच्या पुस्तकात ‘सामाजिक व राजकीय चळवळी’ आणि ‘भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने’ अशी प्रकरणे आहेत. आमच्या पिढीला शिकवलेल्या नागरिकशास्त्रात पोस्टाच्या पेटीत पत्र कसे टाकावे आणि रस्त्याने डाव्या बाजूने कसे चालावे याला जेवढी जागा होती, तेवढीही चळवळींना नव्हती. ‘नागरिकशास्त्र’ हा विषयच इंग्रजी अमलात, रयत बेइमान होऊ लागल्याच्या काळजीतून आला, असे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने म्हटले होते. ती आज्ञाधारक रयत घडवण्याची रीत या पुस्तकांनी बरीच मागे टाकली आहे.

तरीही आपल्या नववीतल्या मुलीला उत्तर मिळत नाही. ते का मिळत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली अडचण क्रमाची. गावापासून सुरुवात करून दिल्लीकडे आणि मग जगाकडे जायचे, हा क्रम शिक्षणशास्त्राला धरून आहे असे मानले जाते: जवळचे आधी, दूरचे नंतर. पण जवळचे नेहमी सोपे असते का? ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सहावीत एका प्रकरणात भेटतात. तेव्हा निधी, कर, हस्तांतरित विषय हे समजण्याचे त्याचे वय नसते. ते समजण्याच्या वयात, म्हणजे नववीत, त्याच्यापुढे महायुद्धोत्तर घडामोडी, परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे येतात. दहावीत ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीचा उल्लेख पुन्हा होतो, पण संविधानाच्या वाटचालीतला एक टप्पा म्हणून. आपल्या गावच्या तलावाला त्या दुरुस्तीने काय झाले, हे विचारायला कुणी थांबत नाही. सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य पाच, हे मुलीला तोंडपाठ असते. पाटबंधारे शाखेचे कार्यालय कुठे आहे, हे माहीत नसते.

दुसरी अडचण शब्दांची आहे आणि ती फक्त पुस्तकांची नाही, आपल्या भाषेचीच आहे. ‘राज्य’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. राज्यशास्त्रातले ‘राज्य’ म्हणजे भूभाग, लोक, शासन आणि सार्वभौमत्व असलेली संस्था. या अर्थाने भारत हे राज्य आहे. भूगोलातले ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र. शिवाय पत्राच्या मथळ्यावर मुंबईत ‘महाराष्ट्र शासन’ असते, तर दिल्लीत ‘भारत सरकार’. त्यामुळे शासन म्हणजे मुंबई आणि सरकार म्हणजे दिल्ली असा समज मुलांचाच काय, मोठ्यांचाही होतो. त्यात ‘प्रशासन’ची भर. सरकार निवडणुकीनंतर बदलते, प्रशासन तेच राहते आणि राज्य यांपैकी कशानेच बदलत नाही, हा भेद कळला नाही तर पुढचे सगळे पाठांतर ठरते. इटियाडोहच्या भाषेत सांगायचे तर मंत्री बदलतो, शाखा अभियंता राहतो; त्याची बदली झाली तरी त्याची खुर्ची राहते; आणि पाणीपट्टीची थकबाकी दोघांच्याही पलीकडे चालू राहते.

याच परिसरात, पूर्वेकडे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गेली. वनहक्क कायद्याखाली सामुदायिक हक्काचा दावा २००९ साली मान्य करून घेणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. या घोषणेत ‘सरकार’ शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळ्या अर्थाने येतो. त्या दोन अर्थांवर वर्गात एक तास सहज जाईल, आणि तो वाया जाणार नाही. मात्र एक फरक त्याच तासात सांगायला हवा. गडचिरोलीचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालचे अनुसूचित क्षेत्र आहे, म्हणून तिथल्या ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याचे जादा अधिकार आहेत. गोंदिया जिल्ह्यातले एकही गाव त्या क्षेत्रात नाही. जंगल तेच, गोंड वस्ती तीच, नदीही तीच. ग्रामसभेचे अधिकार मात्र जिल्ह्याच्या हद्दीवर बदलतात. ‘ग्रामसभा’ या शब्दाची पुस्तकातली एकच व्याख्या दोन्हीकडे सारखीच पाठ केली जाते.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. पाचही पुस्तकांचा सांगाडा कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ या त्रयीवर उभा आहे. त्याला केंद्र, राज्य आणि स्थानिक अशा तीन पातळ्यांची जोड. तीन गुणिले तीन अशी ही नऊ खान्यांची चौकट स्वच्छ दिसते आणि प्रश्नपत्रिकेला सोयीची आहे. इटियाडोहचा बांध यांतल्या कोणत्या खान्यात बसवायचा?

पाणी हा विषय राज्यसूचीत सतराव्या क्रमांकावर आहे. म्हणून धरण राज्याचे. पण त्याच नोंदीत संघसूचीच्या छप्पन्नाव्या नोंदीचा अपवाद आहे: आंतरराज्य नद्यांचे नियमन संसद करू शकते. गाढवी वैनगंगेला मिळते, वैनगंगा-वर्धेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते. गोदावरीच्या पाण्याचा तंटा सोडवायला केंद्राने १९६९ साली लवाद नेमला आणि त्याचा निवाडा १९८० साली आला. म्हणजे गाढवीचा ओहोळही एका आंतरराज्य हिशेबात धरलेला आहे. त्यावर संसदेने २०२१ साली धरण सुरक्षा कायदा केला. पंधरा मीटरांहून उंच असलेली सर्व धरणे त्याच्या कक्षेत येतात. इटियाडोह त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच. पाणी राज्याचा विषय असताना संसदेला हा अधिकार कसा, असा आक्षेप तामिळनाडूसारख्या राज्यांनी घेतला होता. सातवीत तीन सूच्यांची ओळख होते, ती संरक्षण, शेती, शिक्षण अशा वेगवेगळ्या डब्यांत भरलेल्या विषयांची. एकच बांध दोन डब्यांवर पाय ठेवून उभा असतो, हे मुलांना दिसले तर संघराज्य म्हणजे काय हे व्याख्येवाचून कळेल.

पुढे चला. विदर्भातले पाटबंधारे प्रकल्प १९९७ सालापासून विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहेत. महामंडळ विधिमंडळाच्या कायद्याने झाले, म्हणून ते सरकारी खाते नव्हे. पण जलसंपदा मंत्री त्याचे पदसिद्ध अध्यक्ष आणि अधिकारी बहुतेक त्याच खात्याचे. मग ते स्वतंत्र कितपत? २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. ते पाण्याचे दर ठरवते आणि तंट्यांची सुनावणीही करते. एका हाताने कार्यकारी मंडळाचे काम, दुसऱ्या हाताने न्यायमंडळासारखे. शेती, उद्योग आणि घरगुती वापर यांत पाणी कसे वाटायचे, हे ठरवण्याचा अधिकारही मूळ कायद्यात त्याच्याकडे होता. शेतीचे पाणी उद्योगांकडे वळवले जाते यावरून राज्यात वाद पेटला. २०११ साली विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून हा अधिकार मंत्रिमंडळाकडे परत नेला.

हे एवढे प्रकरण आठवीच्या वर्गात घेता आले तर केवढे काम होईल! तज्ज्ञांचे प्राधिकरण निवडून आलेले नसते, पण त्याला नियम, सुनावणी आणि लेखी कारणे यांचे बंधन असते. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते, पण त्याची बैठक बंद दाराआड होते. पाणी कोणाच्या हाती अधिक सुरक्षित? आम्ही स्वतः विचाराल तर अधिकार लोकप्रतिनिधींकडे आणि तो वापरताना उघड सुनावणीची सक्ती, अशी व्यवस्था आम्हांला बरी वाटते. पण मुलांनी आमचे मत घ्यावे असे नाही. दोन्ही बाजूंनी भांडावे. पुस्तकांत महामंडळे आणि नियामक प्राधिकरणे जवळजवळ अदृश्य आहेत. वीज, पाणी, विमा, दूरध्वनी यांचे दर आणि नियम ज्या संस्था ठरवतात त्यांना वगळून शासनसंस्थांची ओळख कशी पूर्ण होणार?

जाता जाता पालकमंत्र्यांबद्दल. जिल्ह्यातल्या प्रत्येक फलकावर हा शब्द मुले वाचतात. संविधानात तो शोधायला सांगा. सापडणार नाही. संविधानात नसलेली पण रोजच्या कारभारात वजन असलेली पदे असतात, हे कळायला याहून सोपे उदाहरण नाही.

आता प्रतिनिधित्वाचा प्रश्न. दहावीच्या ‘निवडणूक प्रक्रिया’ या प्रकरणात मतदारसंघांची आखणी येते. धरण अर्जुनी मोरगाव या अनुसूचित जातींसाठी राखीव विधानसभा मतदारसंघात आहे, लाखांदूरकडचा भाग साकोलीत, आणि देसाईगंज व आरमोरी हे तालुके आरमोरी या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात. लोकसभेला पहिले दोन भंडारा-गोंदियात, तिसरा गडचिरोली-चिमूरमध्ये. म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला, बांध ज्या आमदाराच्या क्षेत्रात आहे त्याला मत देता येत नाही किंवा पाडताही येत नाही. मतदारसंघ लोकसंख्येने आखतात, पाणी उताराने वाहते. हे दोष म्हणून सांगायचे कारण नाही. कोणतीही आखणी कशाला तरी कापतेच. पण नकाशावर कालवा आणि मतदारसंघाची सीमा एकावर एक काढली की मुलांना जे दिसेल ते ‘प्रौढ मताधिकार, गुप्त मतदान’ या शब्दांतून दिसत नाही.

या अडचणीवरचा एक उपाय महाराष्ट्राच्या कायद्यातच आहे आणि त्याची दखल पुस्तकाने घ्यायला हवी होती. २००५ च्या सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणी वापर संस्थांची रचना ठरवली. संस्थेच्या संचालक मंडळावर कालव्याच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांतून सारखेच प्रतिनिधी घ्यायचे. शीर्षाकडचे शेतकरी पाणी आधी आणि भरपूर घेतात, पुच्छाकडे धान करपते; हा अनुभव ध्यानात घेऊन प्रतिनिधित्वाचा नियम बांधला गेला. डोकी मोजून समानता येत नसेल तेव्हा जागा मोजायची, ही कल्पना राज्यसभा आणि राखीव जागा शिकवताना आपण अवघड शब्दांत मांडतो. इथे ती चिखलात पाय रोवून उभी आहे.

तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. ग्रामपंचायतीला अठरा वर्षांवरील प्रत्येकाचे मत असते. पाणी वापर संस्थेचे सभासदत्व मात्र जमिनीशी जोडलेले आहे. रोवणीला कंबर मोडेपर्यंत वाकणारी भूमिहीन बाई या संस्थेत नसते. तिची मजुरी पाण्यावर अवलंबून असली तरी. जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर, म्हणून शेतकरी घरातली बाईही बहुधा नसते. निवडणूक होते एवढ्याने संस्था लोकशाहीची ठरते का? मतदार कोण हे आधी विचारावे लागते. १९५० पूर्वी आपल्या प्रांतिक निवडणुकांतही मत मालमत्ता आणि शिक्षणावर ठरत असे, हे इतिहासाच्या तासाला सांगून झालेले असतेच.

या परिसरात धरणाच्या कितीतरी आधीची पाण्याची व्यवस्था आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत, त्यांतले पुष्कळ कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलाच नवेगावबांधचा तलाव कोलू पाटलाने बांधल्याची परंपरा सांगितली जाते. मालगुजारी संपवणारा कायदा १९५० साली झाला आणि १९५१ च्या मार्चअखेरीपासून हे तलाव शासनाचे झाले. कोणत्या शासनाचे? तो कायदा मध्य प्रदेशाच्या विधानसभेने नागपुरात केला, कारण तेव्हा हा भाग त्या राज्यात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. लोक आजही या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. माजी मालगुजारीचे ते लघुरूप. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याच्या खात्याकडे. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत लघुपाटबंधारे आहेतच. मग तलावातला गाळ कोणी काढायचा, मासेमारीचा ठेका कोणी द्यायचा, पाळ फुटली तर दाद कुठे मागायची? सहावीतल्या मुलालाही हे विचारता येईल, आणि सरपंचांना पुस्तक न पाहता उत्तर द्यावे लागेल.

जिल्ह्यांचेही असेच. इटियाडोह बांधला तेव्हा तो भंडारा जिल्ह्यात होता आणि त्याच्या कालव्याचे शेवटचे टोक चंद्रपूर जिल्ह्यात. १९८२ साली गडचिरोली आणि १९९९ साली गोंदिया जिल्हा झाला. बांध जागचा हलला नाही; दोन जिल्ह्यांचे पाणी तीन जिल्ह्यांचे झाले. आणखी एक सनावळी फळ्यावर लिहिण्याजोगी आहे. धरण १९७० च्या सुमारास पुरे झाले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ चा. म्हणजे इथल्या बुडिताची जमीन गेली तेव्हा तिच्या धन्यापाशी १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा होता, आणि त्या कायद्यात जमिनीची किंमत होती, गाव नव्हते. ‘कायद्याचे राज्य’ ही संकल्पना शिकवताना कायदा केव्हा आला हेही विचारायचे असते.

शेवटचा मुद्दा ‘नागरिक’ या शब्दाचा, ज्याच्या नावाने हा विषय ओळखला जातो. इटियाडोहजवळ गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. तिथली मुले आणि गावातली मुले एकमेकांना ओळखतात, एकाच बाजारात जातात. सातवीत मूलभूत हक्कांची दोन प्रकरणे आहेत. त्यांतले कायद्यापुढील समानता आणि जीविताचे संरक्षण हे हक्क संविधानाने ‘व्यक्ती’ला दिले आहेत, भाषणस्वातंत्र्य आणि सरकारी नोकरीतली समान संधी ‘नागरिका’ला. हा फरक पुण्यातल्या वर्गात पुसट राहिला तरी चालून जाते. इथे चालत नाही.

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक ठरते. तिबेटी वसाहतींतल्या अशा लोकांची नावे मतदार यादीत घ्यावीत, असे निवडणूक आयोगाने २०१४ साली कळवले. दोन सख्खे भाऊ घेऊ: एकाचा जन्म १९८६ चा, दुसऱ्याचा १९८८ चा, आई-वडील दोघेही तिबेटात जन्मलेले. थोरला अर्जुनी मोरगावच्या आमदाराला मत देऊ शकतो, धाकटा देऊ शकत नाही. तोच धाकटा, तिबेटी निर्वासितांच्या प्रशासनाचा प्रमुख निवडण्यासाठी २०११, २०१६ आणि २०२१ साली झालेल्या निवडणुकांत मात्र मतदार होऊ शकत होता. ज्या देशाचे हे प्रशासन, तिथे त्याने कधी पाऊल ठेवलेले नाही. या परिसरातल्या शाळेत ‘नागरिक म्हणजे कोण?’ हा प्रश्न फळ्यावर लिहिण्याआधी शिक्षकांनी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे तिसरे कलम एकदा वाचून ठेवलेले बरे.